३,१४१ हिट्स आणि ३६३–३६३ : टोनी ग्विनने कॉलेजात नेमकं काय केलं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा सतरा वर्षांचा, दक्षिण कॅलिफोर्नियात हायस्कूल बेसबॉल खेळतो, डावखुरा फलंदाज आहे. दोन-तीन कॉलेजांकडून विचारणा आलीय आणि त्यातल्या एका ठिकाणी हेड कोच मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉल लीगचा, माजी खेळाडू आहे. मुलाचे बाबा म्हणतात, डोळे मिटून तिकडे पाठवा. तुम्ही सावधपणे टोनी ग्विनची नोंद काढलीत. खेळाडू म्हणून आठ वेळा लीगमधला अव्वल फलंदाज, आणि सॅन डिएगो स्टेटचा कोच म्हणून बारा वर्षांत ३६३ विजय, ३६३ पराभव. तुमचा सवाल असा की एवढा मोठा फलंदाज कोच म्हणून काठावर पास कसा झाला, आणि मोठ्या खेळाडूच्या हाताखाली मुलगा खरंच शिकतो का.

मी मूळचा जळगावचा. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळलो, इकडे येऊन बावीस वर्षं झाली. शाळेच्या आणि ट्रॅव्हल बॉलच्या पोरांना शिकवतो, मधली चार वर्षं एका कम्युनिटी कॉलेजात फलंदाजीचा सहायक कोच होतो. मेजर लीगचं मैदान मी फक्त तिकीट काढून पाहिलंय. तेव्हा हे उत्तर मोठ्या खेळाडूचं नाही, त्याच धंद्यातल्या एका छोट्या माणसाचं आहे.

३६३–३६३ हा आकडा खरा आहे. तो बघून मुलाचं कॉलेज ठरवू नका एवढंच म्हणतो. का, ते सांगायला मात्र जरा लांबण लावावी लागेल.

ग्विन सॅन डिएगो स्टेटला गेला तो बेसबॉलसाठी नव्हे, बास्केटबॉलसाठी. लाँग बीचचा पोरगा, पॉइंट गार्ड. बास्केटबॉलमध्ये त्याने कॉलेजचा असिस्टचा विक्रम केला आणि पहिल्या वर्षी बेसबॉलच्या मैदानावर पाऊलही टाकलं नाही. जून १९८१ मध्ये एकाच दिवशी त्याला दोन संघांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडलं : बेसबॉलच्या सॅन डिएगो पाड्रेसने तिसऱ्या फेरीत, आणि बास्केटबॉलच्या क्लिपर्सने, जे तेव्हा सॅन डिएगोतच होते, दहाव्या फेरीत. त्याने बॅट धरली. १९८२ च्या जुलैत पाड्रेसकडून पहिला सामना, २००१ च्या ऑक्टोबरात शेवटचा. वीस मोसम, एकच संघ. ३,१४१ हिट्स आणि .३३८ ची सरासरी, म्हणजे हजार वेळा बॅट धरली तर तीनशे अडतीस वेळा हिट, चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं. बेसबॉलमध्ये तीनशेला लोक टाळ्या वाजवतात.

मला मात्र त्याचा दुसराच आकडा जास्त आवडतो. वीस वर्षांत तो ४३४ वेळा स्ट्राइक आउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. हल्लीचे काही दणकेबाज फलंदाज अडीच-तीन मोसमांत तेवढे होतात. ग्रेग मॅडक्स हा त्या काळातला सगळ्यात चलाख पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. ग्विन त्याच्यासमोर १०७ वेळा उभा राहिला आणि एकदाही स्ट्राइक आउट झाला नाही. १९९४ मध्ये तो .३९४ वर होता आणि ऑगस्टच्या बाराव्या तारखेला खेळाडूंचा संप होऊन मोसमच बंद पडला. ४१९ वेळा बॅटिंग, १६५ हिट्स. आणखी तीन पडल्या असत्या तर १९४१ च्या टेड विल्यम्सनंतर .४०० करणारा पहिला माणूस झाला असता.

असा माणूस पाहिला की लोक 'देणगी आहे' म्हणतात आणि विषय मिटवतात. देणगी असेल तर ती दुसऱ्याला कशी देणार? तुमच्या मनातली शंका बहुधा हीच आहे. पण ग्विनच्या बाबतीत देणगीपेक्षा गृहपाठ जास्त होता, आणि कोच म्हणून त्याच्याकडे देण्यासारखं जे होतं ते त्या गृहपाठातच होतं.

१९८३ ची गोष्ट. हिवाळ्यात मनगट मोडलं होतं, परत आला तर बॅटला काही लागेना. संघ दौऱ्यावर होता. त्याने घरी बायकोला, अलिशियाला, सांगितलं की टीव्हीवर सामना लागेल तो व्हीसीआरवर टेप करून ठेव. घरी येऊन टेप बघितली, चूक सापडली, मोसम .३०९ वर संपवला. त्यानंतर व्हीसीआर त्याच्या सामानातला कायमचा डाग झाला. हॉटेलात रात्री बसून स्वतःची प्रत्येक बॅटिंग कापून वेगवेगळ्या टेपवर लावायची : या पिचरविरुद्धची इथे, चांगल्या हिट्स तिथे. लोक त्याला 'कॅप्टन व्हिडिओ' म्हणून चिडवायचे. आज प्रत्येक संघात व्हिडिओची वेगळी खोली असते. तेव्हा हा एकटा माणूस वायरी गुंडाळत फिरायचा.

दुसरी गोष्ट '५.५'. स्कोअरबुकात प्रत्येक जागेला क्रमांक असतो : पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६. पाच आणि सहाच्या मधली फट ती साडेपाच. डावखुऱ्या फलंदाजाला ती फट उलट्या बाजूला पडते. म्हणजे चेंडू ओढून मारायचा नाही, तो अंगाजवळ खोलवर येऊ द्यायचा आणि उशिरा, आतून बाहेर बॅट काढत तिकडे ढकलायचा. ग्विनने बुटांच्या जिभेवर ५.५ शिवून घेतलं होतं. बॅटही केवढीशी : ३३ इंच लांब, वजन साडेतीस-एकतीस औंस. त्याच्या धिप्पाड देहापुढे ती पोराच्या हातातली वाटायची. पुढे १९९२ मध्ये टेड विल्यम्सने त्याला टोकलं की एवढा अंगापिंडाने मोठा गडी तू, आत येणारा चेंडू ओढून का मारत नाहीस. तिशी ओलांडलेला, चार वेळा अव्वल ठरलेला फलंदाज ते ऐकतो, बदलतो, आणि पुढच्या वर्षी .३५८, त्याच्या पुढच्या वर्षी ते .३९४. बत्तिसाव्या वर्षी शिकणारा माणूस वीस वर्षांच्या पोराला शिकवू शकेल असं मला तरी वाटतं.

पण शिकवणं हा कॉलेज कोचच्या कामातला फार तर पाव हिस्सा. उरलेला पाऊण बाहेरून दिसत नाही. तो न समजता ३६३–३६३ कडे बघणं म्हणजे भाकरी बघून शेतकऱ्याला मार्क देण्यासारखं आहे.

पैशापासून सुरुवात करतो, कारण तुम्हालाही तोच विषय आधी भेटणार आहे. ग्विनच्या काळात पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बेसबॉल संघाला जास्तीत जास्त ११.७ शिष्यवृत्त्या देता यायच्या. अकरा पूर्णांक सात दशांश. संघात पस्तीस पोरं. २००८-०९ च्या सुमारास नियम असा झाला की जास्तीत जास्त सत्तावीस जणांत ती रक्कम वाटायची आणि ज्याला द्याल त्याला किमान चौथा हिस्सा द्यायचा. मी एका कोचच्या टेबलावर तो तक्ता पाहिलाय, पेन्सिलीने भरलेला, खोडून खोडून कागद झिरझिरीत झालेला. एका उमद्या पिचरला साठ टक्के दिले की शॉर्टस्टॉपला पस्तीसवर आणायचं, बदली कॅचरला पंचवीसवर टेकवायचं. राज्यातल्या मुलाला सरकारी विद्यापीठात फी कमी, म्हणून त्याचा पाव हिस्सा स्वस्तात पडतो. ॲरिझोनाचा पोरगा घेतला की तोच पाव हिस्सा महाग. फुटबॉलसारखी सगळ्यांना पूर्ण फी कधी नव्हतीच. (२०२५-२६ पासून हा हिशेब बदललाय. शिष्यवृत्तीच्या संख्येवरची मर्यादा जाऊन संघात जास्तीत जास्त ३४ खेळाडू अशी मर्यादा आलीय. पण कॉलेजने तेवढे पैसे घातले पाहिजेत ना! तेव्हा 'पूर्ण देणार' असं कुणी तोंडी म्हणालं तर कागद मागा.)

मग शेजारी. सॅन डिएगो स्टेट ज्या भागातून पोरं उचलतं, त्याच भागातून यूसीएलए, यूएससी, लाँग बीच स्टेट, यूसी अर्व्हाइन आणि कॅल स्टेट फुलरटनही उचलतात. फुलरटनने तर २००४ मध्ये, म्हणजे ग्विनच्या दुसऱ्याच मोसमात, ओमाहाला जाऊन कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची तिथे होणारी शेवटची फेरी, जिंकली. खुद्द सॅन डिएगो शहरातच दुसरं विद्यापीठ आहे, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन डिएगो. तिथे त्याच काळात क्रिस ब्रायंट, पुढे मेजर लीगमध्ये नाव काढलेला फलंदाज, खेळून गेला. एका विहिरीवर सात मोटा.

आणि पिकं तयार झाली की दुसराच कापून नेतो. मेजर लीगचे संघ हायस्कूल संपतानाच पोराला ड्राफ्ट करू शकतात. तो कॉलेजात आला तर तीन वर्षं पुरी होईपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत थांबतात. म्हणजे कोचने दोन वर्षं मागे लागून पटवलेला पोरगा पैसे घेऊन थेट व्यावसायिक होऊ शकतो, नाहीतर ऐन बहरात, तिसऱ्या वर्षानंतर, निघून जातो. चौथ्या वर्षाला जे उरतात ते बहुतेक वेळा ड्राफ्टवाल्यांना नको असलेले. ग्विनच्या हाताखालचा स्टीफन स्ट्रासबर्ग तीन वर्षांनी गेला, ॲडिसन रीड तीन वर्षांनी गेला.

या धंद्यात ग्विन थेट खुर्चीवर बसला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २००२ चा मोसम तो आपल्याच जुन्या कोचच्या, जिम डिएट्झच्या, हाताखाली स्वयंसेवक सहायक म्हणून राहिला. 'व्हॉलंटियर कोच' हे तेव्हा कॉलेज बेसबॉलमधलं अधिकृत पद होतं (२०२३ मध्ये बंद झालं) आणि त्याला पगार नसायचा. आमच्यासारखे लोक त्या पदावर दिवसा दुसरी नोकरी करून झिजायचे. तीन हजार हिट्सचा धनी त्याच पाटीखाली उभा राहिला, तोही आपलंच नाव दिलेल्या स्टेडियमवर. टोनी ग्विन स्टेडियम १९९७ मध्येच उभं राहिलं होतं, पाड्रेसच्या मालकांच्या, जॉन मूर्स यांच्या देणगीतून. स्वतःच्या नावाच्या मैदानात रोज कामाला जायचं, हे मला मजेशीर वाटतं आणि थोडं अवघडही. डिएट्झ यांनी तिथे एकतीस मोसम काढले होते. २००३ पासून संघ ग्विनकडे आला.

सुरुवातीची वर्षं खडतर होती, ते लपवण्यात अर्थ नाही. शेवटच्या चौसष्ट संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सॅन डिएगो स्टेट पोचलं ते २००९ मध्ये, १९९१ नंतर पहिल्यांदा. नंतर २०१३ आणि २०१४. ओमाहा कधीच नाही. निव्वळ जिंकण्याच्या मोजपट्टीवर तो मधल्या फळीतला कोच होता. मी त्याचा भक्त असलो तरी हे मान्य करतो.

आता स्ट्रासबर्ग. ही कथा सगळ्यांना शेवटाकडून माहीत असते : २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिला, १ कोटी ५१ लाख डॉलरचा करार, २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. कोचला सुरुवात बघायची असते. सॅन डिएगोजवळच्या सँटी गावातल्या हायस्कूलमधून हा पोरगा आला तेव्हा त्याला कुठल्याही मेजर लीग संघाने ड्राफ्ट केलं नव्हतं. वजन वाढलेलं, दम नाही. व्यायामाच्या पहिल्या दिवसांत त्याला ओकाऱ्या व्हायच्या, आणि तिथल्या व्यायाम प्रशिक्षकाने तर त्याला सोडून जा असंही सुचवलं होतं. पहिल्या वर्षी, २००७ मध्ये, त्याच्याकडून शेवटच्या एक-दोन डावांपुरतीच पिचिंग करून घेतली. पुढच्या वर्षी पूर्ण सामने. ११ एप्रिल २००८ ला यूटाविरुद्ध एका सामन्यात २३ स्ट्राइक आउट. त्याच उन्हाळ्यात बीजिंग ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात तो एकटा कॉलेजचा पोरगा. मे २००९ मध्ये एअर फोर्सविरुद्ध नो-हिटर, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट नाही, आणि १७ स्ट्राइक आउट.

त्या वसंतात मी एका शुक्रवारी तासाभराचा ट्रॅफिक काढून बघायला गेलो होतो. होम प्लेटमागच्या, म्हणजे फलंदाजाच्या मागच्या, रांगांत स्काउट, मेजर लीग संघांसाठी खेळाडू हेरणारे, खांद्याला खांदा लावून बसलेले. पोरगा हात मागे घेई तेव्हा पंधरा-वीस रडार गन एकदम वर जात आणि चेंडू कॅचरच्या ग्लोव्हात वाजला की एकदम खाली. मग सगळ्यांची मान वहीत. शेतात बगळे उठतात-बसतात तसं. डगआउटच्या, म्हणजे संघ बसतो त्या जागेच्या, कठड्याला रेलून ग्विन उभा. मी अर्धा वेळ त्याच्याकडेच बघत होतो. तो पिचरकडे बघतच नव्हता, त्याची नजर समोरच्या फलंदाजाच्या पायांवर होती. फलंदाजाचा स्वभाव.

ग्विनच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात मोठा खेळाडू पिचर निघाला, फलंदाज नव्हे, हे ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. पिचरला ग्विन स्वतः काय शिकवणार? ते काम पिचिंग कोच रस्टी फिल्टरचं होतं. हेड कोचने केलं ते वेगळं. चांगला माणूस नेमला, त्याच्या कामात हात घातला नाही, आणि कुणालाही नको असलेल्या पोराला वर्षभर धीराने वापरलं, एकदम अंगावर टाकलं नाही. आणि एवढं करूनही त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेत काय झालं? अर्व्हाइनला व्हर्जिनियाविरुद्ध स्ट्रासबर्गने १५ जणांना स्ट्राइक आउट केलं आणि संघ ५–१ असा हरला. त्या मोसमातला त्याचा तो एकमेव पराभव. कॉलेज बेसबॉल शुक्रवार-शनिवार-रविवार असं चालतं. शुक्रवारचा पिचर देव असला तरी शनिवारी-रविवारी कोण टाकणार, हा सवाल राहतोच. ३६३–३६३ मधले कितीतरी पराभव रविवारचे असतील, अशी माझी समजूत आहे.

फलंदाजी शिकवण्याबद्दल मात्र जरा थांबून बोलतो, कारण तुमचा मुलगा डावखुरा आहे.

ग्विन आयुष्यभर लाकडी बॅटने खेळला. कॉलेजात धातूची बॅट. चेंडू दांड्याजवळ लागला तर लाकूड चिरफाळतं, हात झिणझिणतात, चूक जागच्या जागी कळते. धातूची बॅट तीच चूक माफ करते, चेंडू जाऊन गवतात पडतो, स्कोअरबुकात हिट. २०११ पासून कॉलेजच्या बॅटी नियमाने मवाळ केल्या तरी फरक आहेच. आता विचार करा : पोरगा चुकीच्या फटक्यावर .३४० मारतोय आणि तुम्ही त्याला म्हणताय, तुझा हात उशिरा काढ, उलट्या बाजूला मार. तो का ऐकेल? इथे कोचचं नाव कामाला येतं. आम्ही सांगितलं तर पोरगं बापाकडे बघतं. ग्विनने सांगितलं तर निदान करून तरी बघत असेल. मोठ्या खेळाडूचा हा खरा फायदा. पण तो सहा आठवडे टिकतो. सातव्या आठवड्याला पोराला अकरा वेळा बॅट धरून एकही हिट मिळाली नाही की त्याला कोचचा हॉल ऑफ फेम, थोर खेळाडूंच्या यादीतला मान, दिसत नाही, हातातली बॅट दिसते.

मी हे अंगावर घेतलेलं आहे. कम्युनिटी कॉलेजात माझ्याकडे एक डावखुरा पोरगा होता, सगळं उजवीकडे ओढून मारणारा. मी ग्विनच्या नादी लागून त्याला साडेपाचच्या फटीत मारायला लावलं. टी म्हणजे रबरी नळीचा तो उभा खांब, ज्यावर चेंडू ठेवून मारतात, तो नेहमीच्या जागेवरून वीतभर मागे घेतला, साधारण बेंबीच्या रेषेत, प्लेटच्या बाहेरच्या कडेला. जाळीच्या डाव्या अंगाला दोन दप्तरं ठेवली आणि सांगितलं, मधून काढ. दहा दिवसांत काढायला लागला. मी खूश. सामन्यात मात्र आत येणाऱ्या प्रत्येक चेंडूवर त्याचे हात अडकायला लागले. तीन आठवडे त्याला हिट नाही. हेड कोचने मला बाजूला घेऊन एकच विचारलं, त्याला जे येत होतं ते तू का काढून घेतलंस? ग्विनची मनगटं बास्केटबॉलने घडली होती, नजर त्याची स्वतःची होती. माझ्या पोराकडे खांदा होता. ग्विनचा फटका उचलून त्याच्या अंगावर चढवणं म्हणजे मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घालण्यासारखं झालं. त्याला परत ओढून मारायला लावला आणि दोन स्ट्राइक झाल्यावरच साडेपाच वापर म्हणून सांगितलं. मग गाडी रुळावर आली.

मोठे खेळाडू कोच होतात तेव्हा नेमकी हीच चूक जास्त करतात, कारण त्यांना स्वतःचा फटका सोडून दुसरा सुचत नाही. आपल्याकडे आचरेकर सर एकच प्रथम श्रेणी सामना खेळले आणि शिवाजी पार्कवर त्यांनी काय घडवलं ते सांगायला नको. त्यांच्याकडे लादायला स्वतःचा असा फटकाच नव्हता, हा एका अर्थी फायदा. ग्विन यातून पुष्कळसा वाचला असं मी मानतो, कारण तो फटक्यापेक्षा सवय शिकवण्याच्या मागे असायचा : टेप बघ, टीवर मार, पिचरची नोंद ठेव. तरीही अडचण येतेच. कॉलेजात मोसम चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सक्तीचा सराव घेता येत नाही, आणि कोचने बोलावून व्हिडिओ दाखवला तर तोही त्याच वीस तासांत धरतात. व्यावसायिक ग्विन रात्री बारापर्यंत टेप बघत बसायचा. विद्यार्थ्याला सकाळी आठला केमिस्ट्री असते.

व्यावसायिक खेळाडू कॉलेजात आले की काय होतं याचे नमुने तऱ्हेतऱ्हेचे आहेत. यँकीजचा सेकंड बेसमन बॉबी रिचर्डसन साउथ कॅरोलायनाला गेला आणि १९७५ मध्ये संघ थेट ओमाहाच्या अंतिम सामन्यात. बिब फॉक व्हाइट सॉक्सकडून खेळला आणि पुढे टेक्सासला १९४९ आणि १९५० अशी सलग दोन विजेतेपदं दिली. डॅरिन अर्स्टॅड आठ मोसम नेब्रास्काला होता, मग घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून २०१९ मध्ये स्वतःहून बाजूला झाला. माझा लाडका मात्र एडी स्टँकी. तो साउथ अलाबामाला कोच होता. १९७७ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला मेजर लीगचा मॅनेजर म्हणून बोलावलं. एक सामना खेळवला, जिंकला, दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा दिला, घरची आठवण येते म्हणून, आणि परत कॉलेजात! या धंद्याची ओढ कुणाला कळत नसेल तर मी हा किस्सा सांगतो.

एक विषय मला टाळता येत नाही, आणि आई म्हणून तुम्हीही टाळू नका. तंबाखू. बेसबॉलच्या डगआउटमध्ये ओली तंबाखू गालात धरायची जुनी खोड आहे, आपल्याकडे खालच्या ओठात चिमूट धरतात तशीच. ग्विनलाही ती होती. त्याच्या कुटुंबाने २०१६ मध्ये तंबाखू कंपनीवर दावा लावला, त्यात म्हटलं होतं की ती सवय कॉलेजातच लागली. २०१० मध्ये कानाखालच्या लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला. तंबाखूमुळेच झाला असं तो स्वतः सांगायचा. शस्त्रक्रियेत चेहऱ्याच्या नसेवर परिणाम झाला. ज्याचं हसू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं त्याला काही काळ धड हसताही येईना. उपचार घेत घेत तो कोचिंग करत राहिला. मार्च २०१४ मध्ये रजेवर गेला. सहायक कोच मार्क मार्टिनेझने संघ सांभाळला आणि त्या मोसमात माउंटन वेस्टची, म्हणजे त्यांच्या गटातल्या कॉलेजांची, स्पर्धा जिंकून पोरं पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत पोचली. जूनमध्ये ग्विनचा करार एका वर्षाने वाढवला गेला आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला तो गेला. वय ५४. कॉलेज बेसबॉलमध्ये सामन्यात आणि सरावात तंबाखूला १९९४ पासून बंदी आहे, पण बसमध्ये आणि हॉस्टेलवर कोण बघतंय? जळगावात माझ्या संघातली निम्मी पोरं तळहातावर चुना मळायची. मी इथल्या डगआउटमध्ये पहिल्यांदा आलो तेव्हा मला भाषा सोडून काहीच नवं वाटलं नव्हतं. मुलगा कॉलेज बघायला जाईल तेव्हा पाण्याच्या बाटल्यांत तपकिरी थुंकी दिसते का, एवढं बघून यायला सांगा.

बाकी त्या भेटीत कोचच्या खोलीतल्या ट्रॉफ्यांकडे बघत बसू नका. पिचिंग कोच कोण आणि किती वर्षं टिकलाय ते विचारा, तुमचा मुलगा पिचर नसला तरी. मागच्या तीन वर्षांत आलेल्या डावखुऱ्या फलंदाजांची नावं मागा, आणि त्यातला जो फारसा खेळला नाही त्याच्याशी मुलाला पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या. चौथ्या वर्षापर्यंत किती जण टिकले आणि किती जणांनी दुसरं कॉलेज धरलं, हेही. हेड कोच हॉल ऑफ फेममधला असो की माझ्यासारखा जळगावचा, ही उत्तरं बरी आली तर बाबांचं म्हणणं मान्य करायला हरकत नाही.

आणि मुलाचा व्हिडिओ पाठवा. डावखुऱ्याची छाती थर्ड बेसकडे असते, म्हणून त्याच बाजूने काढा, मोबाइल आडवा धरून, पाय दिसतील असा. होमरनचे तुकडे जोडलेली गाण्यावरची क्लिप नको. सलग चार-पाच बॅटिंग, आउट झालेल्यासुद्धा.